परसातल्या तळ्याचा कागद फुगला तर

पुनर्वसू आणि पुष्याचा पाऊस अंगावर घेतल्यानंतर कोकणातल्या परसबागांतून एक तक्रार हमखास येते. कमळासाठी किंवा उन्हाळ्यात पाणी साठवायला म्हणून खणलेल्या, प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या तळ्याचा तळच वर येतो. काल सपाट असलेला तळ आज मध्येच फुगलेला असतो, कमळाची कुंडी कलंडलेली असते. घाबरून पहिला उपाय सुचतो तो पंप लावून तळे उपसण्याचा. तो करू नका. पावसाळ्यात तळ्याचे सर्वांत मोठे नुकसान उपशानेच होते.

जांभा सच्छिद्र असतो, त्यात पाणी भराभर मुरते. पण जांभ्याखाली बहुतेक ठिकाणी शेडीचा चिकट थर असतो आणि त्यातून पाणी सहजासहजी खाली उतरत नाही. मग ते आडवे सरकते, उतारावर झरे फुटतात, विहिरी काठोकाठ येतात. अशा उपळट जमिनीतल्या तळ्याभोवतीचे पाणी तळ्यातल्या पाण्यापेक्षा वर चढले, की ते कागदाला खालून ढकलू लागते. हा जोर किरकोळ नाही. बाहेरची पातळी आतल्यापेक्षा ३० सेंमी वर असेल, तर तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर ३०० किलो इतका दाब खालून येतो. उलट ५०० मायक्रॉन कागदाचे वजन चौरस मीटरला अर्धा किलोसुद्धा भरत नाही. कागद जागेवर बसतो तो आतल्या पाण्याच्या भारामुळे. तो भार आपणच उपसून टाकला तर कागद वर येणारच.

म्हणून आधी मोजणी करा. तळ्याच्या काठापासून दोन-तीन फुटांवर, तळापेक्षा वीतभर खोल जाईल असा खड्डा घ्या. खालच्या भागाला भोके पाडलेला ११० एमएमचा पीव्हीसी पाइप त्यात उभा करून भोवती खडी भरा, आणि वरचे पाणी थेट आत शिरू नये म्हणून तोंडाशी माती घट्ट दाबून टोपण लावा. एक दिवस जाऊ द्या, मग काठी घालून पाणी कुठवर आहे ते बघा. आतली आणि बाहेरची पातळी ताडण्यासाठी गवंड्याकडची पाण्याची पारदर्शक नळी पुरते. जोराच्या पावसात ही मोजणी रोज सकाळी करावी. बाहेरचे पाणी वर चढताना दिसले, तर तळ्यात पाणी सोडून आतली पातळी वर ठेवा.

कागद आधीच फुगला असेल तर त्यावर दगड ठेवू नका, भोक तर मुळीच पाडू नका. बाहेरच्या खड्ड्यातून पाणी उपसत राहा. भोवतालची पातळी उतरली की कागद हळूहळू आपसूक बसतो. फुगा पाण्याबाहेर डोके काढून घट्ट ताणलेला दिसत असेल, तर मात्र खाली वायू साठल्याची शंका घ्यावी. खणताना मुळे, पालापाचोळा किंवा शेणमिश्रित माती राहून गेली तर ती कुजून असे होते, आणि त्यावर कागद काढून तळ साफ करण्यावाचून इलाज नाही. ते काम दिवाळीनंतर, भूजल उतरल्यावर हाती घ्या. तळे रिकामे करण्याची तीच वेळ.

कायमचा उपाय म्हणजे पाण्याला वाट देणे. जमीन उताराची असेल तर तळ्याच्या वरच्या अंगाला चर खणा. चराचा तळ तळ्याच्या तळापेक्षा वीतभर खोल हवा आणि १० मीटरला निदान १० सेंमी उतार हवा. गाळ शिरू नये म्हणून चरात आधी जिओटेक्स्टाइल कापड अंथरा, त्यावर भोके पाडलेला पाइप, मग खडी, आणि वरून तेच कापड दुमडून माती. पाइपाचे खालचे तोंड उघड्यावर, वहाळाच्या बाजूला निघू द्या. शेजाऱ्याच्या कुंपणात किंवा घराच्या पायाकडे नको. सपाट जमिनीत अशी वाट मिळत नाही. तिथे कोपऱ्यात सिमेंटच्या रिंगांचा खड्डा करून फ्लोट स्विचचा छोटा पंप बसवावा लागतो. वीज वारंवार जाते अशा गावात मी हा मार्ग सुचवणार नाही. तिथे तळे अर्धे जमिनीत आणि अर्धे बांध घालून वर उचललेले बरे. खोदाई कमी, आणि आतली पातळी बाहेरच्यापेक्षा आपोआप वर राहते.

शौचालयाचा शोषखड्डा जवळ असेल तर तळ्याची जागाच बदला. भूजल चढल्यावर ते घाण पाणी चरात आणि विहिरीतही उतरू शकते.

पावसाच्या पाण्यासाठी काठाच्या खाली चार बोटे सांडवा ठेवा आणि त्याच्या तोंडाला बारीक जाळी लावा. डासांसाठी सोडलेले गप्पी मासे त्यातून वहाळात जाता कामा नयेत. तिथल्या मूळच्या माशांना ते त्रासदायक ठरतात. सांडव्याचे पाणी पोफळीच्या आळ्यात सोडायचे असेल तर आळ्यातून पुढे निघायलाही पाट काढून ठेवा. पोफळीच्या बुंध्याशी पाणी साचून राहिले की मुळे कुजतात.