शोधनिबंधाचा खर्डा आणि सुरतेची तारीख

खर्डा सुधारणे म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ तपासणे, अशी समजूत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांत आढळते. वस्तुतः आपण लिहिलेले प्रत्येक विधान पुराव्यावर पुन्हा घासून पाहणे, हेच खर्डा सुधारण्याचे मुख्य प्रयोजन होय.

छत्रपती शिवाजी महाराजांच्या सुरतेवरील पहिल्या स्वारीचे उदाहरण घेऊ. समजा, एका विद्यार्थ्याने सुरतेच्या इंग्रज वखारीतील कागदांवरून ६ जानेवारी १६६३ आणि डच वखारीच्या कागदांवरून १६ जानेवारी १६६४ अशी तारीख टिपून घेतली. एक वर्ष दहा दिवसांचे हे अंतर पाहून त्याने लिहिले, “यांपैकी एक नोंद खोटी असली पाहिजे.” पुढील दोन पाने याच वाक्यावर उभी राहिली.

खर्डा पुन्हा वाचताना ‘हे कशावरून?’ असा प्रश्न त्याने स्वतःस विचारावयास हवा. त्या काळी इंग्रज जुनी ज्युलियन कालगणना वापरीत व त्यांचे वर्ष २५ मार्चला सुरू होई. साहजिकच जानेवारी महिना त्यांच्या लेखी मागील वर्षातच मोडे. इंग्लंडने ही पद्धत १७५२ मध्ये बदलली. डच कंपनी मात्र ग्रेगोरियन गणना पाळी. ती त्या शतकात दहा दिवस पुढे होती. म्हणजे दोन्ही नोंदी एकाच बुधवारच्या ठरतात. खोटे कोणीच नव्हते.

आपल्याकडील गणनेतही हीच अडचण येते. ही घटना शक १५८५ मधील आहे. शकात सरसकट ७८ मिळविले तर १६६३ येते. जानेवारीसाठी ७९ मिळवावे लागतात. जुने दस्तऐवज वाचणाऱ्या ग्रामस्थांनी व कर्मचाऱ्यांनीही हे ध्यानी ठेवावे.

आता ती दोन पाने काढून टाकणे प्राप्त आहे. श्रम वाया गेले असे वाटेल. परंतु दोन परकीय वखारींच्या नोंदी एकमेकींशी जुळतात, हा अधिक बळकट निष्कर्ष हाती येतो. तारीख लिहिताना ‘६ जानेवारी १६६४ (जुनी गणना)’ असा स्पष्ट उल्लेख करावा.

यानंतर साक्षीदारांचे वजन पाहावे. अँथनी स्मिथ हा इंग्रज मराठ्यांच्या छावणीत कैदेत होता. त्याची हकिगत प्रत्यक्षदर्शीची असली, तरी ती कैद्याची आहे. सभासदाची बखर महाराजांच्या पदरी असलेल्या माणसाची खरी, पण ती राजाराम महाराजांच्या काळात लिहिली गेली. दोन्ही साधने उपयुक्त आहेत. मात्र कोणते विधान कोणाचे, हे वाचकास कळले पाहिजे. भाषेची सफाई सर्वांत शेवटी करावी.

शिक्षकांनीही केवळ तांबड्या शाईच्या खुणा करून खर्डा परत देऊ नये. समासात ‘कशावरून?’ एवढा एकच शब्द लिहावा. त्याचे उत्तर शोधताना विद्यार्थी आपले आवडते वाक्य स्वतःच्या हाताने खोडील, तेव्हा तो संशोधनाची पहिली पायरी चढला असे समजावे.