चित्रचरित्र कसे वाचावे?

थोरांची चरित्रे वाचा, असे आपण मुलांना नेहमी सांगतो. ती कशी वाचावीत, हे मात्र क्वचितच सांगतो. चित्रमय चरित्र हाती आले की मुले जहाज पाहतात, बर्फ पाहतात आणि पुस्तक मिटतात. म्हणून आम्ही वर्गात एका सागरसंशोधिकेची चित्रवही मुलांकडूनच तयार करवून घेतो व ती सावकाश वाचतो.

डॉ. अदिती पंत यांचा जन्म १९४३ साली समुद्रापासून शेकडो मैल दूर, नागपुरात झाला. पुणे विद्यापीठाची विज्ञान पदवी घेतल्यावर ॲलिस्टर हार्डी यांचे समुद्रविषयक पुस्तक त्यांच्या वाचनात आले आणि आयुष्याची दिशा ठरली. हवाई व लंडन येथे शिकून त्या गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत रुजू झाल्या. डिसेंबर १९८३ मध्ये गोव्याहून निघालेल्या तिसऱ्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेत त्या आणि भूवैज्ञानिक डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. भारतीय मोहिमेतून तेथे गेलेल्या या पहिल्या स्त्रिया.

परंतु 'पहिल्या' या शब्दापाशी थांबू नये. त्या पाण्यात काय शोधत असतील, असे मुलांना विचारावे. डोळ्यांना न दिसणाऱ्या तरंगत्या वनस्पती, म्हणजे वनस्पती-प्लवक, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. पृथ्वीवरील प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे निम्मा वाटा समुद्रातील हे सूक्ष्म जीव उचलतात. बेळगावच्या बाजारातील बांगडाही प्लवकांवरच पोसतो. घरी लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवून थेंबभर जिभेवर ठेवावे. समुद्राचा खारटपणा साधारण एवढाच असतो.

मग नकाशा उघडावा. आपल्याच खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होते आणि पणजीपाशी सागरास मिळते. ती संस्था तेथून जवळच, दोना पावला येथे आहे. निपाणीजवळची वेदगंगा दूधगंगेतून कृष्णेस मिळते व तिचे पाणी बंगालच्या उपसागराकडे जाते. सीमाभागातील ज्या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही, त्यांनाही तो असा आपला वाटू लागतो.

पालकांस एक विनंती. चित्रवही पाहून मुलगी म्हणेल, "मलाही जहाजावर जायचे आहे." तेव्हा "मुलीच्या जातीला एवढ्या लांब कशाला?" असे म्हणून तिला गप्प करू नये. वहीचे शेवटचे पान आम्ही कोरे ठेवतो. त्यावर तिने आपला प्रश्न लिहावा, आणि उत्तर शोधताना आपण तिच्या शेजारी बसावे.