परसातले खुराडे : आतली मांडणी



उसाचे बिल कारभाऱ्याच्या खात्यावर जमा होते; अंड्यांचे पैसे मात्र घरातल्या बाईच्या हाती राहतात. मीठ-मिरची, पोरांच्या वह्या, एस.टी.चे भाडे त्यातून निघते. म्हणून उसाच्या या पत्रिकेत आज दहा कोंबड्यांसाठी जागा मागून घेतली आहे.

प्लॉट पाहायला वस्तीवर गेलो की खुराडीही आमच्या नजरेस पडतात. बाहेरून भक्कम असतात : विटांची भिंत, वर पत्रा, दाराला कडी. आत डोकावले तर ओल आणि डोळ्यांत पाणी आणणारा वास. मुंगूस येईल म्हणून फटी-झरोके सगळे बुजवलेले असतात. मग मुंगसापासून वाचलेली कोंबडी आतल्या हवेने झुरते, अंडी कमी होतात, आणि दोष जातीला दिला जातो.

कोंबड्या दिवसभर बाहेर चरत असल्या, तरी रात्रीसाठी प्रत्येकीला 2 चौरस फूट जागा धरावी. दहांना 5 बाय 4 फूट पुरते. पत्र्याखाली समोरासमोरच्या दोन्ही बाजूंना वितीएवढी पट्टी उघडी ठेवून अर्धा इंची जाळी मारावी. थंडीत पोते लावायचेच तर ते खालच्या अंगाला लावावे. वरची पट्टी झाकू नये.

कोंबडीला रात्री उंचावर बसायची सवय. बसायला दांडी नसली तर ती स्वतःच्याच विष्ठेत बसते. दोन इंच रुंदीची, कडा तासून गोल केलेली लाकडी पट्टी घ्यावी. लोखंडी पाइप नको, थंडीत तो गार पडतो. कोंबडीमागे 8 इंच धरून चार फुटी दोन दांड्या पुरतात. भिंतीपासून फूटभर आणि एकमेकींपासून फूटभर अंतर ठेवून दोन्ही एकाच उंचीवर बसवाव्यात. एक उंच, एक खाली केली की वरच्या दांडीसाठी रोज भांडणे! दांड्या काढता-घालता येतील अशा ठेवाव्यात, कारण रक्त पिणारे बारीक तांबडे किडे दिवसा त्यांच्या टोकांच्या फटीत लपतात.

अंड्यांसाठी चार-पाच कोंबड्यांमागे एक याप्रमाणे फूट बाय फूट मापाचे खोके अंधाऱ्या कोपऱ्यात, पण दांडीपेक्षा खाली ठेवावेत. खोके वर असले तर कोंबड्या त्यातच झोपतात आणि अंडी घाण होतात.

आता जमिनीवरची गादी. सगळे गणित हिच्यावर आहे. साळीचे तूस चालते, आणि आपल्याकडे बगॅस आहेच. (बॉयलरच्या वाटचे आहे, तेव्हा पाटी-दोन पाट्याच मागाव्यात, ट्रॉली नव्हे!) मात्र मिलमधून निघालेल्या बगॅसमध्ये जवळजवळ निम्मे पाणी असते. ते दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवूनच चार इंच जाडीने पसरावे. ढिगाच्या तळाचे, पांढरी बुरशी धरलेले बगॅस फुकट मिळाले तरी घेऊ नये. त्या बुरशीची धूळ पिलांच्या फुफ्फुसात जाते. पिले चोच उघडी टाकून धापा टाकतात आणि मरतात. त्यावर घरगुती उपाय नाही.

गादीची परीक्षा सोपी आहे. मूठभर घेऊन दाबावी. मूठ उघडल्यावर गोळा फुटला तर ठीक. तसाच राहिला तर ओल जास्त. मग वरखाली करावी, थोडी चुन्याची भुकटी मिसळावी, भिजलेला भाग काढून टाकावा. पावसाळ्यात हे दोन दिवसांआड करावेच लागते. पाण्याचे भांडे रात्री आत ठेवू नये. अंधारात कोंबडी पाणी पीत नाही. ते सांडते मात्र.

मानमोडीला (राणीखेत) ही मांडणी पुरी पडत नाही. तिची लस वेगळी : पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचे थेंब आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बीचे इंजेक्शन. पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी चौकशी करून ठेवावी.

काढलेली गादी थेट उसात टाकू नये. ताज्या खताची उष्णता कोवळ्या कोंबांना बाधते. शेणखताबरोबर खड्ड्यात दोन-तीन महिने कुजवून मगच सरीत द्यावी.