कवच आणि घर

आपल्या निवासी विद्यालयाचे विद्यार्थी दरवर्षी शासकीय रेखाकला परीक्षेस बसतात. २०२२ च्या हिवाळ्यात चित्रकलेचे शिक्षक काही दिवस रजेवर गेले आणि त्यांचे तास आमच्याकडे आले. आम्ही इतिहासाचे, रेषेपेक्षा सनावळीत अधिक रमणारे. म्हणून मुलांना एवढेच सांगितले की, संकल्पचित्रासाठी गाइडमधील ठरावीक कमळ, मासा आणि कोयरी बाजूला ठेवा; निसर्गाने काहीतरी जपण्यासाठी घडविलेला एखादा आकार शोधून आणा. आठवडाभरात टेबलावर हरभऱ्याचे घाटे, कापसाची बोंडे, चिंचा आणि सुगरणीचा पडका खोपा असा बाजार भरला. औसा तालुक्यातील नववीच्या एका मुलीने मात्र गोगलगायीचा रिकामा शंख आणला.

लातूरकडच्या माणसाला त्या शंखाचे कौतुक वाटण्याचे कारण नाही. त्याच वर्षीच्या खरिपात लातूर, बीड व उस्मानाबाद (आताचे धाराशिव) या जिल्ह्यांत शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपे रातोरात कुरतडली होती आणि अनेकांवर दुबार पेरणीची वेळ आली होती. या मुलीचे वडील बटईने जमीन कसतात. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी बांधालगत अंथरायची आणि पहाटे त्यांखाली जमलेल्या गोगलगायी मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकायच्या, हे काम तिने स्वतः केले होते.

"मग हाच का आणलास?" आम्ही विचारले.

"सर, बादलीत टाकताना आत काय असतं ते कधी बघितलंच नव्हतं."

तिने तो शंख ओल्या फरशीवर घासून अर्धा केला. आतला भाग उघडा झाला तेव्हा वर्गातील साऱ्या माना टेबलावर वाकल्या, आमचीही. मधोमध एक खांब आणि त्याच्याभोवती जिन्यासारखे फिरत गेलेले वेढे. गोगलगाय घर बदलीत नाही. शंखाच्या ओठाशी चुन्याचा नवा थर चढवीत ती तेच घर वाढविते. त्यामुळे टोकाचा अगदी चिमुकला वेढा हा तिच्या जन्माच्या वेळचा असतो व तो शेवटपर्यंत तिच्यासोबत राहतो. इतिहासाच्या शिक्षकाला याहून चांगले साधन कोणते हवे! पाऊस ओसरला की ती जमिनीत शिरते, शंखाच्या तोंडावर स्वतःच्याच वाळलेल्या स्रावाचा पडदा ओढते आणि पुढल्या पावसापर्यंत निजून राहते. दार आहे, पण ते कायमचे लिंपलेले नाही.

सुगरणीच्या खोप्याचेही असेच. नर गवताच्या व पात्यांच्या चिरफळ्या विणून तो विहिरीवर झुकलेल्या फांदीला टांगतो. अर्धवट विणला की मादी येऊन पाहते, पसंत पडला तरच काम पुढे जाते. हरभऱ्याचे संरक्षण तर डोळ्यांना दिसतही नाही. त्याच्या अंगावरील आंबट दवात, म्हणजे आंबीत, आम्ले असतात व ती किडीला सहजासहजी रुचत नाहीत. पहाटे शेतात फडके पसरून ही आंब गोळा करणाऱ्या आज्या आम्ही पाहिल्या आहेत. मात्र जे दिसत नाही ते कागदावर कसे काढावे, या प्रश्नाशी आमच्या वर्गातील दोन मुले अजून झगडत आहेत.

इंग्रज शिल्पकार हेन्री मूर हाडे, शंख आणि गारगोट्या गोळा करून कार्यशाळेत ठेवीत असे. बाहेरच्या पोकळ आकाराने आतल्या नाजूक आकाराला कवेत घ्यावे, ही कल्पना त्याने शिल्पांत पुन्हा पुन्हा हाताळली. आपल्याला इतके दूर जाण्याची गरज नाही. स्तूपाच्या घुमटाला 'अंड' म्हणतात, आणि दागोबा हा शब्द 'धातुगर्भ' यापासून आला आहे. अंड आणि गर्भ! तथागतांचे अस्थिधातू जपण्यासाठी त्या शिल्पींना जी नावे सुचली, ती निसर्गातील सर्वांत पातळ आणि सर्वांत झाकलेल्या अशा दोन कवचांची होती. अंड्याचे टरफल पातळ, तरीही वाकामुळे भार साऱ्या अंगावर पसरतो. शंखाचेही बळ या वाकात आहे.

हे सांगताना आमच्या मनात ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट होती. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून माणसे निजली होती. चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे १० हजार माणसे दगावली. त्यांतील बहुतेकांना त्यांच्या घरांनीच गाडले. दोन दगडी थरांमध्ये चिपा आणि माती भरलेल्या जाड भिंती, त्या थरांना एकमेकांशी बांधणारे आरपार दगड नाहीत, आणि वर उन्हा-पावसापासून राखण म्हणून वर्षानुवर्षे चढविलेली माळवदाची माती. जितकी जाड भिंत तितके घर मजबूत, असा समज होता. ज्यांची माळवद बांधण्याची ऐपत नव्हती, ती गावकुसाबाहेरची माणसे कुडाच्या नाहीतर पत्र्याच्या हलक्या आडोशाखाली निजत होती. असे छप्पर कोसळले तरी त्याखालून जिवंत निघण्याची शक्यता अधिक. याला न्याय म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. ते छप्पर दारिद्र्याने दिलेले होते, कोणी निवडलेले नव्हते.

वर्गात काही वेळ कोणी बोलले नाही. मग एका मुलाने विचारले, "सर, म्हणजे माती वाईट का?"

मातीचा दोष नाही, हे सांगण्यासाठी आम्हाला अजिंठ्याला जावे लागले. तेथील भिंतींवर आणि छतांवर जो गिलावा आहे, त्याच्या मातीत वनस्पतींचे तंतू आणि भाताचा तूस कालवलेला आहे. त्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर चित्र. तूस म्हणजे दाण्याचे कवच. दाणा काढून घेतल्यावर जे आपण फुंकून देतो, त्याने ओल्या मातीला भेगा पडू दिल्या नाहीत, आणि बोधिसत्त्व पद्मपाणी सुमारे दीड हजार वर्षे त्या मातीला धरून राहिले. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या सर जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली येथील चित्रांच्या नकला केल्या. छतांवरील कमळे, फळे आणि हंस पुन्हा काढताना त्या तरुणांनी निसर्गाकडे जुन्या भिक्खुसंघाच्या काळातील चित्रकारांच्या नजरेने पाहिले असणार, असे आम्हाला नेहमी वाटते. परंतु त्या नकलांपैकी बऱ्याच १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांच्या नकलाही १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. शिवाय रंग उठून दिसावेत म्हणून मूळ चित्रांवर वॉर्निश चढविले गेले आणि त्याने पुढे चित्रांचे नुकसानच झाले. प्रदर्शनासाठी परदेशी नेलेले जळाले. वाघूर नदीच्या नालाकृती दरीत, अंधारात, तुसाच्या मातीवर जे होते ते उरले.

मुलीचे संकल्पचित्र पूर्ण व्हायला तीन आठवडे लागले. शंखाच्या छेदात तिने वेढ्यावेढ्याने खोल्या काढल्या : टोकाशी पाळणा, मग चूल, मग वसतिगृहातील पत्र्याची पेटी. ओठाजवळचा वेढा कोरा ठेवला. शंखाभोवती काळी माती, आणि मातीवर सोयाबीनची कुरतडलेली रोपे. ती रोपे काढू नयेत, आकृतीचा समतोल बिघडतो, असे आम्ही सुचविले होते. तिने ऐकले नाही, आणि आता पाहताना वाटते की तिचेच बरोबर होते.

भेटीच्या रविवारी तिचे वडील आले. चित्र हातात घेऊन ते बराच वेळ उभे राहिले.

"सर, ह्यानंच आमचं रान खाल्लं," ते म्हणाले, "अन् ही पोरगी त्याचंच चित्तर काढून बसली."

मुलगी खाली बघत होती. त्यांनी कुरतडलेल्या रोपांवरून बोट फिरवले, पाने मोजावीत तसे. मग चित्र टेबलावर अलगद ठेवून ते तिला म्हणाले, "मृगाच्या आधी बांधावर चुन्याचा पट्टा टाकायचाय. उन्हाळी सुट्टीत ये हाताखाली."

ती हो म्हणाली आणि फरशीवर पडलेला अर्धा शंख उचलून तिने पेन्सिलीच्या डबीत ठेवला.