वार्ता आणि ओळख : फूलबागेतून घेतलेला एक धडा

वसतिगृहाच्या भोजनगृहात, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर किंवा बसथांब्यावर चार विद्यार्थी जमले की एक प्रश्न हमखास निघतो, "नवीन काय आलंय?" हा प्रश्न पाठ्यपुस्तकाविषयी नसतो, हे सांगायला नकोच. नवा चित्रपट, नवे गाणे, कुणा नटाचे लग्न, कुणा दिग्दर्शकाचे भांडण, असा त्याचा रोख असतो. ज्याला उत्तर देता येत नाही तो मंडळींत मागासलेला ठरतो. वडीलधारी माणसे या साऱ्याला वेळेचा अपव्यय म्हणून मोकळी होतात. मला तसे म्हणवत नाही. आपल्या काळात कोणती कला जन्माला येते आहे याची खबर ठेवणे हा दोष नव्हे, ती जिज्ञासाच आहे. प्रश्न निराळा आहे. खबर ठेवली म्हणजे ओळख झाली काय?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मी ग्वाल्हेरची फूलबाग ही जागा निवडली आहे. आपल्या सीमाभागातील वाचकाला ती फार लांबची वाटेल. परंतु शिंद्यांचे हे शहर मराठी माणसाला परके नाही, आणि कन्नड विभागातील मित्रांनाही ते का परके नाही, हे पुढे दिसेलच.

समाधी आणि पडदा

फूलबाग हे शिंदे राजवटीत घडलेले उद्यान. मंदिर, मशीद आणि गुरुद्वारा एकाच परिसरात असल्यामुळे ते प्रसिद्ध आहे. त्याच्याजवळच झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळच्या लढाईत राणीला वीरमरण आले. आज त्या समाधीपुढे उभ्या राहणाऱ्या तरुणाच्या डोळ्यांपुढे जे चित्र येते ते बहुधा चित्रपटातले असते. तो काही त्याचा अपराध नव्हे. चित्रपटाची शक्तीच तेवढी मोठी आहे.

सोहराब मोदी यांनी १९५३ साली 'झाँसी की रानी' हा चित्रपट आणला. राणीची भूमिका मेहताब यांनी केली होती. टेक्निकलर पद्धतीने रंगीत चित्रपट काढण्याचे ते मोठे धाडस होते, पण त्याला धंद्यात यश आले नाही. पुढे जानेवारी २०१९ मध्ये कंगना रनौत यांची भूमिका असलेला 'मणिकर्णिका' प्रदर्शित झाला. त्या वेळच्या बातम्या ज्यांना आठवतात त्यांनी स्वतःलाच विचारून पाहावे, की आपल्याला काय आठवते? दिग्दर्शनाच्या श्रेयावरून झालेला वाद आठवतो. गल्ल्याचे आकडे आठवतात. परंतु राणीविषयी त्या बातम्यांतून नवे काय कळले, असे विचारले तर बहुतेकांना थांबावे लागेल.

राणीच्या झाशीविषयी एक प्रत्यक्षदर्शी वृत्तांत मात्र आपल्या मराठीतच आहे. कोकणातील वरसईचे विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास'. त्याची कथाही वार्तेपासूनच सुरू होते. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, अशी वार्ता कानी आल्यावर हा गरीब ब्राह्मण कर्ज फेडण्याच्या आशेने उत्तरेकडे निघाला. वाटेत सत्तावन्नचे बंड उसळले आणि झाशीचा वेढा, लूट आणि कत्तल त्याला डोळ्यांनी पाहावी लागली. दक्षिणेसाठी निघालेल्या माणसाने मराठीला एक अमोल पुस्तक दिले, कारण जे समोर आले ते त्याने नीट पाहिले. हे पुस्तक चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केले, पण त्यात त्यांनी बरेच फेरफार केले होते. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली छापला. म्हणजे छापील पुस्तकही कोणत्या हातांतून आपल्यापर्यंत आले हे विचारावे लागते. मग क्षणात येणाऱ्या बातमीबद्दल तर बोलायलाच नको.

गदगहून ग्वाल्हेर, ग्वाल्हेरहून कुंदगोळ

आता चित्रपटाकडून संगीताकडे वळू. १८४९ साली जन्मलेले बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ख्यालगायकी शिकण्यासाठी दक्षिणेतून ग्वाल्हेरकडे गेले. अनेक हालअपेष्टा सोसून त्यांनी वासुदेवबुवा जोशी यांच्याकडून विद्या मिळवली आणि ती मिरज-इचलकरंजीत आणली. विष्णु दिगंबर पलुसकर त्यांचे शिष्य. नीलकंठबुवा मिरजकर हेही त्यांचे शिष्य, आणि या नीलकंठबुवांकडे धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर यांनी सुरुवातीचे शिक्षण घेतले. ग्वाल्हेरची ओळख आपल्या भागात पसरली ती बातमीने नव्हे, एका माणसाच्या पायपिटीने.

त्यानंतर तबकडी आली आणि अंतर तुटले. गदग भागात वाढलेल्या एका मुलाने अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटीतील ठुमरी तबकडीवर ऐकली आणि त्याला वेड लागले. १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात तो घरातून निघून गेला. भटकत भटकत तो ग्वाल्हेरला पोहोचला. सरोदवादक हाफिज अली खाँ यांच्या मदतीने तेथील माधव संगीत विद्यालयात त्याला प्रवेश मिळाला. हा मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी.

या कथेत एक गंमत आहे आणि तीच आपल्या विषयाचा गाभा आहे. ज्यांच्या तबकडीने त्याला घराबाहेर काढले ते अब्दुल करीम खाँ त्या काळी मिरजेत राहत होते. त्यांचे पट्टशिष्य सवाई गंधर्व हे गदगपासून फारसे दूर नसलेल्या कुंदगोळचे. मुलाला मात्र ग्वाल्हेर, कलकत्ता, जालंधर असा सारा उत्तर हिंदुस्थान फिरावा लागला. जालंधरला विनायकराव पटवर्धनांनी त्याला सांगितले, की घरी परत जा आणि सवाई गंधर्वांकडे शीक. विनायकराव हे पलुसकरांचे शिष्य, म्हणजे ग्वाल्हेर परंपरेतले. त्यांनी आपल्या घराण्याचा आग्रह धरला नाही, मुलाच्या गळ्याला जे योग्य ते सुचवले. १९३६ च्या सुमारास भीमसेन सवाई गंधर्वांकडे शिकू लागले.

ग्वाल्हेरचे दिवस वाया गेले असे कुणी म्हणू नये. तेथे जे कानावर पडले ते कुठे ना कुठे उपयोगी पडलेच असणार. पण तबकडीने वेड लावले तरी वाट दाखवली नाही. वाट दाखवली ती एका जाणत्या माणसाने. आणि दूरचे ऐकू येऊ लागले की जवळचे दिसेनासे होते, हा अनुभव आपल्या हातातील फोनने शोधून काढलेला नाही. तो तबकडीइतका जुना आहे.

बुधवारची रात्र

तबकडीनंतर रेडिओ आला. १९५२ साली डॉ. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताला त्यांनी आकाशवाणीवर मानाचे स्थान दिले, परंतु चित्रपटगीते हलकी म्हणून त्यांवर कात्री चालवली. श्रोत्यांनी काय केले? त्यांनी रेडिओची सुई सिलोनकडे वळवली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि बुधवारची रात्र ही देशभर गाण्यांची रात्र झाली. शेवटी आकाशवाणीलाही १९५७ च्या ऑक्टोबरात 'विविध भारती' सुरू करावी लागली. लोकांची आवड हुकमाने वळत नाही, हा पहिला धडा.

दुसरा धडा क्रमवारीचा. गीतमालेतील कोणते गाणे कितव्या पायरीवर, यावर पैजा लागत. ही पायरी ठरे ती तबकड्यांच्या दुकानांतील विक्रीवरून आणि श्रोता संघांनी कळवलेल्या मतांवरून. म्हणजे ज्याच्यापाशी तबकडी घ्यायला पैसे होते, किंवा ज्याच्या गावी श्रोता संघ होता, त्याची आवड तेथे मोजली जाई. खेड्यातील देवळात गायला जाणारा अभंग किंवा शिशुनाळ शरीफांचे पद त्या मोजणीत कधीच येणार नव्हते. मोजले गेले नाही म्हणून ते लोकप्रिय नव्हते काय? आज गाणे किती कोटी वेळा पाहिले गेले याचा आकडा पाहून आपण भारावतो. त्या वेळीही हाच प्रश्न विचारावा, की हा आकडा नेमके काय मोजतो? पडद्यावर गाणे सुरू झाले हे मोजता येते. कुणी ते मन लावून ऐकले, हे मोजता येत नाही.

स्वतंत्र, म्हणजे कुणापासून?

अलीकडे विद्यार्थ्यांच्या बोलण्यात 'इंडी' हा शब्द फार येतो. चित्रपटासाठी न केलेले, मोठ्या कंपनीच्या हुकमाबाहेरचे, कलावंताने स्वतःच्या हिमतीवर केलेले संगीत, असा त्याचा साधारण अर्थ. शब्द नवा आहे, गोष्ट नवी नाही. ५ मे १९०१ रोजी विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. दरबाराच्या आश्रयावर नव्हे, लोकांच्या आधारावर ते चालवायचे असा त्यांचा निर्धार होता. गवयाने तिकीट लावून जलसा करावा हेही त्यांनी रुजवले. जी विद्या त्यांच्याकडे आली होती ती दरबारांच्या आश्रयाने वाढली होती. ती त्यांनी दरबाराबाहेर उभी केली. त्या काळचे स्वतंत्र संगीत हेच होय.

म्हणून 'स्वतंत्र' हा शब्द दिसला की दोन प्रश्न विचारावेत. पैसा कुठून येतो? आणि शेवटचा शब्द कुणाचा? दरबार, तबकडी कंपनी, नभोवाणी, चित्रपट निर्माता, आणि आता आपल्यापुढे कोणते गाणे आणायचे हे ठरवणारे यंत्र, हे सारे एका अर्थी आश्रयदातेच. कलावंताला कुणाचा तरी आश्रय लागतोच. कोणता पत्करायचा आणि कितपत, यातच त्याचे स्वातंत्र्य असते.

आजची दोन उदाहरणे घेऊ. ग्वाल्हेरचे पियूष मिश्रा राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकले, रंगभूमीवर वाढले. २००९ च्या 'गुलाल' चित्रपटातील अभिनयाने आणि गीतांनी ते घराघरांत पोहोचले. आता 'बल्लीमारान' या आपल्या वाद्यवृंदासह ते स्वतःची गाणी घेऊन रंगमंचावर उभे राहतात. दुसरे रघू दीक्षित. जन्म नाशिकचा, वाढ म्हैसूरची. २००८ साली त्यांचा पहिला संग्रह आला. शिशुनाळ शरीफांची पदे त्यांनी गिटारीच्या साथीने नव्या पिढीपुढे ठेवली. आपल्यापैकी अनेकांनी शरीफांचे नाव प्रथम अशाच गाण्यातून ऐकले असेल. शरीफांचे शिशुनाळ हावेरी जिल्ह्यात आहे, आपल्यापासून काही तासांच्या अंतरावर. पुन्हा तीच गदग-कुंदगोळची गोष्ट!

चार सवयी

विद्यार्थ्याने काय करावे, हे आता थोडक्यात सांगतो.

पहिली सवय : बातमी आणि कृती वेगळी ठेवावी. ज्या चित्रपटाविषयी आपण तास दोन तास वाद घालतो तो आपण पाहिला आहे का, हे आधी स्वतःला विचारावे. पाहिला नसेल तर आपण बातमीविषयी बोलत आहोत, चित्रपटाविषयी नव्हे.

दुसरी सवय : थांबावे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अभिनेते धर्मेंद्र यांच्या निधनाची बातमी ११ तारखेला देशभर पसरली. ते हयात असल्याचे त्यांच्या कुटुंबीयांना जाहीरपणे सांगावे लागले. प्रत्यक्ष निधन २४ तारखेला झाले. त्या तेरा दिवसांच्या आधी श्रद्धांजली लिहिणाऱ्या हजारो लोकांत वाईट हेतूचे किती असतील? फार थोडे. बाकीच्यांना फक्त मागे राहायचे नव्हते. एका जिवंत माणसाच्या घरच्यांना त्या घाईने काय सोसावे लागले असेल, याचा विचार करावा. एक तास उशिरा कळल्याने आपले काहीच बिघडत नाही.

तिसरी सवय : वही ठेवावी. पाहिलेला चित्रपट, ऐकलेला राग किंवा गाणे, तारीख आणि चार ओळी. त्या ओळी दुसऱ्याचे परीक्षण वाचण्यापूर्वी लिहाव्यात. वर्षअखेरीस वही चाळली म्हणजे कळेल, की गाजलेल्यांपैकी किती आपल्याला आठवतात आणि न गाजलेले किती मनात राहिले.

चौथी सवय : दूरचे एक, तर जवळचे एक. परदेशी मालिका पाहिली तर त्याच महिन्यात गावच्या जत्रेतील नाटक पाहावे. कन्नड विभागातील मित्राला एक मराठी गाणे ऐकवावे आणि त्याच्याकडून एक कन्नड गाणे समजून घ्यावे. एकाच मुखपृष्ठाच्या आत दोन भाषा नांदत असताना एकमेकांची पाने न उलटणे हे आपल्यालाच शोभत नाही.

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हणून मान्यता दिली. ती बातमी आपण सर्वांनी वाचली, पुढे पाठवली आणि विसरलो. पण तेथे दर डिसेंबरात तानसेन समारोह होतो. इकडे बाळकृष्णबुवांच्या परंपरेतले कुणी ना कुणी आपल्याच भागात कुठेतरी शिकवीत असतात. कुंदगोळला सवाई गंधर्वांचे स्मरण आजही केले जाते. पूर्वी वार्ता माणसाला चालायला लावी. विष्णुभट चालले, बाळकृष्णबुवा चालले, भीमसेन चालले. आज ती फक्त आपला अंगठा चालवते.

फूलबागेला जाण्याचा योग आला तर समाधीपुढे जरूर उभे राहावे. तोवर 'माझा प्रवास' आपल्या ग्रंथालयात मिळतो का, ते विचारून पाहा. "नवीन काय आलंय?" या प्रश्नाला तेही एक चांगले उत्तर होईल.