हातात न आलेल्या नफ्याचा कर

जून २०२३ मध्ये साडेचार लाखांचं बिटकॉइन घेतलं. डिसेंबरात त्याचे साडेसहा झाले. भाचा म्हणाला, "मामा, हे आता त्या नव्या कॉइनमध्ये फिरवा, डबल होतील." फिरवले. मार्चअखेर चार लाख दहा हजार उरले, तेव्हा वैतागून विकून टाकलं. चाळीस हजारांना बुडालो, एवढाच माझा हिशेब.

जुलैत सीएंकडे गेलो. त्यांनी एका रिकाम्या पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने दोन आकडे मांडले. नफा दोन लाख, खाली तोटा दोन लाख चाळीस हजार. आता वजाबाकी करतील म्हणून मी पुढे सरकलो, तर त्यांनी खालच्या आकड्यावर काटच मारली. "हा धरायचा नाही." वरच्यावर ३० टक्के कर, त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे ६२,४००. कापलेला १०,६०० टीडीएस वजा जाता ५१,८०० भरा, आगाऊ कर चुकवल्याचं व्याज वेगळं.

"अहो, पण पैसा बँकेत आलाच नाही!"

"बिटकॉइन देऊन दुसरं कॉइन घेतलंत ना? ती विक्रीच."

कलम ११५बीबीएच, १ एप्रिल २०२२ पासून. एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. शेअरवाल्यांना या दोन्ही सवलती आहेत. आम्हाला दर लॉटरीवाल्यांचा. २०२१ मध्ये एवढं गाजलेलं क्रिप्टो विधेयक संसदेत मांडलंच गेलं नाही, कर मात्र वेळेवर आला!

भाच्याला फोन लावला. "मामा, मी फक्त आयडिया दिली होती." वर हसला.

तेव्हा, कॉइन बदलायचंच असेल तर त्यातून कराइतके रुपये त्याच दिवशी काढून बँकेत टाका. त्या दिवसाचा रुपयातला भाव लिहून ठेवा, एक्सचेंजचं स्टेटमेंट दर महिन्याला उतरवून घ्या. एक्सचेंजने विक्रीवर घेतलेली फीसुद्धा वजा मिळत नाही, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. रिटर्नमध्ये क्रिप्टोसाठीचं शेड्यूल व्हीडीए भराच, कारण टीडीएसमुळे व्यवहार आयकर खात्याच्या २६एएसमध्ये आधीच जाऊन बसलेला असतो. परवडेल तेवढेच गुंतवा, वगैरे तुम्हाला ठाऊक आहेच.

ते पाकीट मी सीएंकडून मागून घेतलंय. भाच्याच्या लग्नात आहेर त्यातच घालणार आहे.