नकाशातील आमचे डोंगर

भूगोलाच्या प्रात्यक्षिकाला सरांनी भारतीय सर्वेक्षण विभागाचा एक जुना स्थलनिर्देशक नकाशा टेबलावर पसरला. प्रमाण एक इंचास एक मैल. त्यावर हैदराबाद संस्थान आणि वऱ्हाड यांची सीमा होती. जालना जिल्हा नव्हता, कारण तो १ मे १९८१ रोजी झाला. माझी नजर मात्र भोकरदनच्या उत्तरेला, अजिंठ्याच्या डोंगराकडे गेली. त्या पायथ्याशी आमचे गाव आहे.

असा नकाशा वाचायचा कसा? तपकिरी रेषा म्हणजे समोच्च रेषा. एका रेषेवरील सर्व ठिकाणे सारख्या उंचीची. रेषा दाटल्या की चढ तीव्र, विरळ झाल्या की जमीन सपाट. ओढा ओलांडताना त्या उगमाकडे टोक करून वळतात. वाहते पाणी निळ्या रंगात, कोरडे ओढे काळ्या. याच रेषांवरून पाणलोट कळतो: डोंगराच्या उत्तरेचे पाणी वाघूरमार्गे तापीला, दक्षिणेचे केळणा-पूर्णेमार्गे गोदावरीला.

नकाशा हाती नसतानाही भूमी वाचता येते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईपूर्वी वाटाड्यांनी वेल्स्लीला सांगितले, की जवळपास केळणेला उतार नाही. त्याला दोन काठांवर समोरासमोर दोन गावे दिसली. तेव्हा ये-जा असणार, म्हणजे उतारही असणार, हा त्याचा तर्क खरा ठरला.

मी आमच्या शिवाराचा भाग ट्रेसिंग पेपरवर उतरवून घरी नेला. वडील शाळेत गेलेले नाहीत. मी त्यांना रेषांचा एवढा एकच नियम सांगितला. त्यांनी दाट रेषांवर बोट ठेवले, "हितंच आपली बैलगाडी उलटली व्हती." मग बोट ओढ्यावर आले.

"ह्यो काळा काहून?"

"कोरडा म्हणून."

ते थोडा वेळ गप्प राहिले. "माझ्या लहानपणी ह्याला होळीपर्यंत पाणी राहायचं. कुणी इचारलं नसंल."

नकाशा खोटा नव्हता. ओढा बारमाही नाही, एवढेच त्याने सांगितले होते. कोणत्या महिन्यापर्यंत वाहतो, हे सांगायला त्यात चिन्हच नव्हते. आजवर मी समजत होतो, की शिकलेला मी आणि अडाणी वडील. त्या रात्री मी लाजलो. दुसऱ्या दिवशी माझ्या प्रतीवर ओढ्याच्या कडेला पेन्सिलीने लिहिले, 'पूर्वी होळीपर्यंत पाणी'.

विद्यार्थी मित्रांनो, प्रात्यक्षिकाचे गुण मिळतीलच. पण आपल्या गावाचा नकाशा एकदा घरी न्या, आणि थोरांपुढे पसरा.